कोठीचे दोन झरोके

ऑक्टोबरातल्या एका कोरड्या शनिवारी मी पेलेटच्या कोठीचे दोन्ही झरोके बंद केले. इन्सुलेशन बोर्डाचे दोन तुकडे कापले, जाळीवर नेमके बसवले, कडेनं चंदेरी टेप दाबली आणि दोन पावलं मागं सरून काम बघितलं. सुबक झालं होतं. घरात येऊन बायकोला म्हणालो, "यंदा पेलेट दमट होण्याचा प्रश्न मिटला." ती शिफ्टला निघायच्या गडबडीत होती. किल्ली उचलून ती निघाली.

हे इतकं बारकाईनं सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात बाकीच्यांच्या चुका थोड्या होत्या.

आमचं घर ब्रिस्टलच्या दक्षिणेला, टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावात आहे. गॅसची पाइपलाइन तिथवर आलेली नाही. कोणी तेल जाळतं, कोणी लाकूड. आमच्याकडे पेलेटचा बॉयलर होता. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या. घराला लागून एक दगडी खोली होती, पूर्वी तिथं दूधदुभतं ठेवायचे. आधीच्या मालकानं तिची कोठी केली होती. वर्षातून दोनदा ट्रक यायचा आणि जाड नळीतून कांड्या आत फुंकून जायचा. कोठीच्या तळाशी एक लांब स्क्रू होता, तो फिरत फिरत कांड्या पलीकडच्या शेडमधल्या बॉयलरपर्यंत नेऊन टाकायचा. आपण काही करायचं नाही. घर आपोआप गरम राहायचं.

आणि माझं काम बॉयलर तपासण्याचं. पुण्यात मेकॅनिकल शिकलो, इथं मास्टर्स केलं आणि ब्रिस्टलच्या कडेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या प्रयोगशाळेत लागलो. घरगुती लाकडी बॉयलर बाजारात यायच्या आधी आमच्याकडे येतात. आम्ही ठरलेल्या ओलाव्याचं लाकूड ठरलेल्या वेगानं जाळतो, लाकडातली किती उष्णता पाण्यात उतरली ते मोजतो. धुराड्यातून जाणाऱ्या धुराचा थोडा भाग पांढऱ्या गोल फिल्टरमधून ओढतो आणि त्यावर बसलेली काजळी वजन करून बघतो. चांगल्या बॉयलरचा फिल्टर फिकट राखाडी निघतो, वाईटाचा काळाकुट्ट. शेवटी मी रिपोर्टवर सही करतो. आमच्या घरातलं मॉडेल काही वर्षांपूर्वी मीच तपासलेलं होतं. घर बघायला गेलो तेव्हा बायकोला बाग आवडली, मला शेडमधला तो बॉयलर. त्याच्यावरचं सगळ्यात वरच्या श्रेणीचं लेबल बघून मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मागच्या हिवाळ्यात मात्र पश्चिमेचा पाऊस त्या झरोक्यांमधून आत आला होता. कांड्या फुगल्या, त्यांचा भुसा झाला, बॉयलर कुरकुरायला लागला. कोरडं इंधन हा माझ्या धंद्यातला पहिला धडा. म्हणून मी झरोके बंद केले. ते तिथं कशासाठी ठेवलेत, हा प्रश्न मला पडला नाही. मला वाटलं, जुन्या खोलीचे जुने झरोके.

नोव्हेंबरात बाबा आले. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि ते सांगलीकडच्या घरी एकटेच राहत होते. माझी बहीण जवळच होती, पण तिच्याकडे राहायला ते तयार नसत. मी हिवाळाभर या म्हणून मागं लागलो तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तिथं मी दिवसभर करू काय?"

बाबा साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. तीसेक वर्षं त्यांनी उसाचं चिपाड, ज्याला कारखान्यात बगॅस म्हणतात, ते जाळून वाफ केली. त्यामुळे आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वेटरवर कोट घालून शेडमध्ये गेले. काचेच्या छोट्या खिडकीतून ज्योत बघितली, मग बाहेर येऊन धुराड्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"धूर कुठाय?"

"नसतोच बाबा. तेच तर आमचं काम. सगळं आतच जळून जातं."

"आमच्या चिमणीकडं बघून मला कळायचं आत काय चाललंय. ह्याचं कसं कळायचं?"

मी स्क्रीनवरचे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा वर करून ते वाचले आणि म्हणाले, "बरं."

त्यांचे गुडघे दुखत, म्हणून खालच्या स्टडीत त्यांचा पलंग लावला होता. घरातली ती सगळ्यात ऊबदार खोली. तिच्या मागच्या भिंतीपलीकडे कोठी होती आणि हीटिंगचे दोन पाइप त्या भिंतीतून आत येत होते. पाइपांभोवती बोटभर फट होती. ती मी रोज बघत होतो.

आठवड्याभरात पेलेटचा ट्रक आला. ड्रायव्हर साठीचा, शांत माणूस होता. नळी जोडता जोडता त्यानं भिंतीकडे बघितलं आणि मला म्हणाला, "झरोके झाकलेले दिसताहेत."

"पाऊस आत येतो. मीच झाकलेत."

"ते उघडे ठेवायचे असतात, असं आम्हाला सांगतात."

मी हसलो. "डोन्ट वरी, मी याच फील्डमध्ये आहे."

त्यानं नळीची कडी आवळली. मग म्हणाला, "मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार," आणि पंप चालू केला. तीन टन ताज्या कांड्या कोठीत गेल्या. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो रागावला नव्हता. त्यानं फक्त बोलणं थांबवलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बाबा म्हणाले, खोलीत वास येतो. मी जाऊन हुंगलं. जुन्या ऑइल पेंटच्या डब्याचं झाकण काढल्यावर येतो तसा, जरा तिखट, जरा खवट. "नव्या लाकडाचा वास," मी म्हणालो. खिडकी थोडी उघडून दिली. थंडी आत यायला लागली तशी बाबांनी ती बंद केली.

मग त्यांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठले की दुखायचं. चहा घ्यावासा वाटायचा नाही, मळमळायचं. दुपारी जेवून पडले की चार-चार तास झोपायचे. एरवी दुपारी डोळा न लावणारा माणूस. बायको हॉस्पिटलमध्ये वयस्कांच्या वॉर्डवर डॉक्टर आहे. तिनं बीपी बघितलं, साखर बघितली, बोटाला ऑक्सिमीटर लावला. ऑक्सिजन अगदी उत्तम. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात सांगितलं, "मला वाटतं लो मूड आहे. आई गेल्यापासून ते धड रडलेलेही नाहीत. त्यात इथला अंधार. चारला दिवस संपतो."

मला ते पटलं. पटायला आणखी एक कारण होतं. डिसेंबरात आम्ही त्यांना घेऊन ब्रॅकनेलला मित्राकडे दोन दिवस राहायला गेलो. तिथं आमच्या चार-पाच मराठी कुटुंबांचा गोतावळा आहे. बहुतेक आयटीतले. कोणाचे आई-वडील आले की सगळे जमतात. पहिल्या रात्रीनंतर बाबा ताजेतवाने उठले. कांदेपोहे दोनदा मागून घेतले, पत्त्यांत तीन डाव जिंकले, मित्राच्या वडिलांशी सहकारी कारखान्यांवरून वाद घातला. परत येताना गाडीत बायको म्हणाली, "बघितलंस? त्यांना माणसं हवीत." घरी येऊन दुसऱ्याच सकाळी त्यांचं डोकं पुन्हा दुखायला लागलं आणि आमची खात्रीच पटली की घरातला एकटेपणा त्यांना खातोय.

बाबांचं मत वेगळं होतं. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर ते शेडमध्ये बॉयलरसमोर स्टूल टाकून बसले होते.

"ह्याची आग बरोबर नाही."

"कशावरून?"

"मला माहीत नाही कशावरून. पण घरात काहीतरी आहे. आगीचाच दोष असणार, दुसरं काय?"

त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतला ॲनलायझर घरी आणला. धुराड्यात नळी घातली, वीस मिनिटं मोजलं. इतकं स्वच्छ ज्वलन मी प्रयोगशाळेबाहेर क्वचित बघितलं होतं. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाहीच. शेडमधला अलार्मही बटण दाबून बघितला, तो खणखणीत वाजला. मी बाबांना एकेक आकडा समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मग माझाच दोष असेल."

ते असं म्हणाले तेव्हा मला थोडं बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं झालं होतं.

आग खरंच निर्दोष होती. आम्ही दोघं बॉयलरवाले, दोघंही ज्योतीकडे बघत बसलो. भिंतीपलीकडे अंधारात तीन टन कांड्या थंड पडून होत्या आणि त्यांच्याकडे आमच्यापैकी कोणाचं लक्ष नव्हतं. ताज्या पेलेटमधलं लाकडाचं तेल हवेशी मिळून हळूहळू बदलत जातं. तो खवट वास त्याचाच. त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वासच नसतो. काडी न लावता, नुसतं पडल्या पडल्या. झरोके असतील तर तो निघून जातो. आमच्या कोठीतून त्याला जायला एकच वाट राहिली होती, पाइपांभोवतीची ती बोटभर फट.

जानेवारीत थंडी कडक झाली. पहाटे गवत पांढरं दिसायचं आणि दुपारपर्यंत तसंच राहायचं. एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास बाबांचा फोन आला. मी कामावर होतो. एका नव्या बॉयलरची मंद आचेवरची चाचणी चालू होती. सगळ्यात अवघड भाग तोच असतो, बॉयलर धुसफुसायला लागतात ते मंद आचेवर. हा मात्र छान चालला होता.

"तुझा स्क्रू रिकामा फिरतोय," बाबा म्हणाले. "स्क्रीनवर फ्युएल नाही म्हणतंय. कोठी तर अर्धी भरलेली आहे."

"कांड्यांची कमान झाली असेल आत. खालचं निघून गेलं आणि वरचं अडकून राहिलं."

"तेच म्हणतोय मी. आमच्याकडं बगॅसची व्हायची. फोडून टाकू?"

"नको, मी संध्याकाळी येऊन बघतो."

"अरे, घर गार पडायला लागलंय. सूनबाई नाईट करून आलीय, झोपलीय. तीस वर्षं हेच केलंय की मी."

कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर होता. मला आनंद झाला. समोर आकडे सरकत होते, माझं अर्धं लक्ष तिकडे.

"बरं, पण काठीनं करा. आत उतरू नका."

"नाही उतरत."

मी फोन ठेवला आणि चाचणीकडे वळलो.

पुढचं बायकोनं मला नंतर सांगितलं. ती साडेअकराच्या सुमारास उठली. खाली आली, चहा टाकला, बाबांना हाक मारली. उत्तर नाही. खोलीत नाहीत, शेडमध्ये नाहीत. मग तिला कोठीचं लाकडी दार उघडं दिसलं. दाराच्या आतल्या बाजूला कांड्या बाहेर सांडू नयेत म्हणून फळ्या लावलेल्या असतात. वरच्या दोन फळ्या काढून बाबा त्यावरून आत वाकले होते. पाय बाहेर, कमरेपासून वरचं अंग आत, चेहरा कांड्यांवर. लांब बांबू हातातून सुटून पडलेला. ते खरंच आत उतरले नव्हते.

तिला त्या क्षणी काही कळलं नव्हतं, फक्त एवढं की आत श्वास घ्यायचा नाही. तिनं बाहेर छातीभर हवा भरून घेतली, त्यांचा स्वेटर आणि पट्टा धरला आणि ओढलं. एका दमात जमलं नाही. बाहेर येऊन पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा ओढलं. ते अंगणातल्या खडीवर तिच्या अंगावर येऊन पडले. ते श्वास घेत होते. तिनं त्यांचा चेहरा वळवला. गाल गुलाबी होते, महिनाभरात दिसले नव्हते इतके टवटवीत. तो मोनॉक्साइडचा रंग बघितला आणि नोव्हेंबरपासूनचं सगळं तिला एकदम कळलं.

मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा बाबांना ऑक्सिजनचा मास्क लावला होता. रक्तात विष सापडलं होतं. आमचंही रक्त घेतलं, त्यातही थोडं होतं. बायको कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसली होती. घरातल्याच कपड्यांत, बाहीला भुसा लागलेला.

"ऑक्सिमीटरला फरक कळत नाही," ती म्हणाली. "मोनॉक्साइडनं भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजननं भरलेलंच वाटतं. मला परीक्षेत हा प्रश्न आला होता. मी बरोबर सोडवला होता."

मी तिचा हात धरायला गेलो तर तिनं तो घेऊ दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी फायर सर्व्हिसच्या माणसाचा फोन आला. त्यांनी दारं-खिडक्या उघडून घर मोकळं केलं होतं. बाबांच्या खोलीत त्यांचा मीटर अजूनही वाजत होता. त्यानं विचारलं, "झरोके कोणी बंद केले?" 

"मी."

"कशासाठी, ते सांगाल का?"

मी सांगितलं. कोरडं इंधन, कार्यक्षमता, पाऊस. तो सगळं लिहून घेत होता, पलीकडून पेनचा आवाज येत होता. मग त्यानं सहज विचारलं, "गावात आणखी कोणाकडे अशी कोठी आहे का?"

तेव्हा मला हॉल आठवला. मी झरोके बंद केले त्यानंतर पंधराएक दिवसांनी गावच्या हॉलमध्ये मी अर्धा तास बोललो होतो. लाकूड जाळणाऱ्यांच्या धुराबद्दल तक्रारी वाढल्या होत्या आणि हॉलच्या कमिटीतल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, जरा समजावून सांगाल का. मी लेबलं कशी वाचायची ते सांगितलं, ओलं लाकूड का जाळू नये ते सांगितलं आणि पेलेट कोरडे कसे ठेवावेत याचं उदाहरण म्हणून पडद्यावर एक फोटो दाखवला. माझ्या कोठीचा. बोर्डाचे दोन तुकडे आणि भोवती चंदेरी टेप.

लोकांनी मोबाइलवर त्याचे फोटो घेतले होते.

बाबांजवळ बायकोला ठेवून मी त्याच दुपारी गावात परत आलो. कोठी असलेली चार घरं मला माहीत होती. फायर सर्व्हिसचे दोघं त्यांच्या गाडीतून येणार होते, पण मला थांबवेना. प्रयोगशाळेतला हातात धरायचा मीटर घेऊन मी चालत सुटलो. पहिल्या घरी काही केलेलं नव्हतं. झरोके उघडे. तिथल्या माणसाला माझं भाषण आठवतसुद्धा नव्हतं, आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. दुसऱ्या घरी एका झरोक्यावर पोतं होतं, ते काढलं.

तिसरं घर एका निवृत्त शिक्षिकेचं. एकट्या राहतात. त्यांची कोठी तळघरात. त्यांनी झरोक्यात सोफ्याची उशी कोंबली होती आणि वर टेप लावली होती. अगदी मी दाखवली तशी. तळघराच्या जिन्यावरच मीटर वाजायला लागला. मी त्यांना बाहेर काढलं, दारं-खिडक्या उघडल्या. त्या कोट पांघरून बागेतल्या बाकावर बसल्या.

"मला वाटलं, वय झालं," त्या म्हणाल्या. "सकाळी पायऱ्या चढताना धाप लागायची." मग म्हणाल्या, "माझं मांजर डिसेंबरात गेलं. तळघराच्या दाराशी झोपायचं, तिथंच गेलं. म्हातारंच होतं तसं."

मी सॉरी म्हणालो. त्यांना वाटलं मांजराबद्दल म्हणतोय. मी पुन्हा नीट सांगितलं की उशी लावायला मीच शिकवलं होतं. त्यांनी कोट गळ्याशी ओढून घेतला. मग म्हणाल्या, "यू सीम्ड सो शुअर."

चौथ्या घरी कोणी दार उघडेना. गावाच्या टोकाला भाड्यानं राहणारं एक तरुण जोडपं होतं, नुकतंच बाळ झालेलं. त्यातला नवरा हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसला होता, त्यानं प्रश्नही विचारले होते. दिवस मावळायला आला होता. खालच्या खोलीत दिवा चालू, गाडी दारात नव्हती. बॉयलर चालू असल्याचा हलका आवाज भिंतीतून येत होता आणि धुराड्यातून काहीच निघत नव्हतं, इतकं स्वच्छ. मागं जाऊन बघितलं तर दोन्ही झरोक्यांवर चंदेरी टेप. मी ती नखांनी ओरबाडून काढली. बोर्ड खाली पडले. मग खिडकीची काच बडवत राहिलो. आत पडद्याच्या फटीतून पाळण्याचा कठडा दिसत होता. पाळण्यात काय आहे ते दिसत नव्हतं.

फायर सर्व्हिसची गाडी यायला दहा मिनिटं लागली असतील. ती दहा मिनिटं मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही. त्यांनी कुलूप तोडलं, श्वासाचे मास्क चढवून दोघं आत गेले. मी अंगणात उभा. एकानं बाहेर येऊन सांगितलं, "एम्प्टी. कोणी नाही." पाळण्याच्या खोलीत दुसऱ्याचा मीटर जोरात वाजत होता, दारातून मला ऐकू येत होता. ती दोघं बाळाला घेऊन त्याच्या आजोळी, एडिनबराला गेली होती. दिवा आणि बॉयलर टायमरवर ठेवले होते. तिथं गेल्यापासून बाळ शांत झोपायला लागलं, पूर्वीसारखं उलट्या करत नाही, असं बाळाच्या आईनं फोनवर सांगितलं. ती माझे आभार मानत होती. मी तिला थांबवलं आणि काय झालं ते सांगितलं. नवऱ्यानं तिच्याकडून फोन घेतला. तो जे बोलला ते त्यानं बोलायलाच हवं होतं.

बाबा पाच दिवसांत घरी आले. घरी म्हणजे गावात ओळखीच्यांनी दिलेल्या दोन खोल्यांत, आमच्या घरी राहायचा प्रश्नच नव्हता. ते चांगले दिसत होते. डोकं दुखणं थांबलं होतं, भूक परत आली होती. मी त्यांच्यासमोर बसून सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "कमान फोडली होती मी. स्क्रूला माल लागला होता का?" मी हो म्हणालो. "मग झालं," ते म्हणाले. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही.

डॉक्टरांनी बायकोला एक गोष्ट सांगितली होती आणि तिनं ती मला सांगितली होती. कधीकधी अशा माणसाला बरं वाटतं, आठवडे बरे जातात आणि मग मागाहून मेंदूवर परिणाम दिसतो. कोणाला होईल, कोणाला नाही, सांगता येत नाही. म्हणून आम्ही रोज बघत होतो. बाबांनी शर्टाची बटणं बरोबर लावली का. पेपर उलटा तर धरला नाही ना. ते एखादा शब्द शोधायला थांबले की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो. दोन आठवडे गेले. तिसरा आठवडाही संपत आला.

एका सकाळी बायकोनं त्यांच्यासमोर चहा ठेवला. त्यांनी तिच्याकडे आदरानं बघितलं आणि विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?"

"नागपूर, बाबा," ती म्हणाली. आवाज अजिबात न बदलता.

"लांब आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते घसरत गेले. चालताना पाऊल फरफटायचं. मला शिफ्ट कधी सुटणार असं विचारायचे. एकदा अर्धा तास मोजा हातात धरून बसून राहिले. एप्रिलनंतर थोडं थोडं परत आलं, पण सगळं आलं नाही.

मी प्रयोगशाळेत सगळं लेखी दिलं. मॅनेजरनं ते वाचून मला आत बोलावलं. भला माणूस आहे. बाबांची चौकशी केली. मग म्हणाला, "तुझा बॉयलर पास आहे. इंधन कुठं ठेवलं जातं, ते आपल्या स्कोपमध्ये येत नाही." ते खरं होतं. धुराड्यातून काय बाहेर पडतं ते आम्ही मोजतो. मी त्याला म्हणालो, निदान रिपोर्टच्या पहिल्या पानावर एक ओळ घालू, झरोके बंद करू नका. त्यानं विचार करतो म्हणून सांगितलं. ओळ आली, सहा महिन्यांनी, शेवटच्या पानावर. बॉयलर बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेत ती आधीपासून होतीच, हे मला नंतर दिसलं. आमच्या घरातल्या पुस्तिकेतसुद्धा. ती मी कधी उघडलीच नव्हती. बॉयलर माझ्या ओळखीचा होता ना.

आता आमची कोठी घरापासून दूर, अंगणाच्या टोकाला आहे. बॉयलर तोच आहे. दर वर्षी तपासणीवाला येतो, उत्तम म्हणून कागद देऊन जातो. घरात सहा अलार्म आहेत. बायको दर रविवारी सहाही वाजवून बघते, मी शिडी धरून उभा असतो. त्या जोडप्यानं गाव सोडलं. शिक्षिका बाई दिसल्या की हात करतात, थांबत नाहीत.

बाबा सांगलीला बहिणीकडे राहतात. सप्टेंबरात मी जाऊन आलो. रोज सकाळी त्यांना फिरायला न्यायचो. शेवटच्या दिवशी आम्ही कारखान्याच्या रस्त्यानं निघालो. हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, चिमणी गार होती. फाट्यावर ते थांबले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. त्या रस्त्यानं त्यांनी तीस वर्षं सायकल मारली होती.

"कुठं जायचं?" त्यांनी विचारलं.

"घरी, बाबा. इकडून."

मी त्यांचा हात धरला. माझ्या आठवणीत त्यांनी मला कधी हात धरू दिलेला नाही. ताप असताना नाही, आईला पोचवून परत येतानाही नाही. मला वाटलं, ते आता झटकून टाकतील. तसाच हातात हात देऊन ते माझ्याबरोबर चालत राहिले, मी नेईन तिकडे.